पुढच्या चाकांची गाडी

बैलगाडी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. बैल पुढे जुंपलेले असतात. ओढतात तेच आणि वळवतातही तेच. गाडी बिचारी निमूटपणे त्यांच्या मागून येते. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र माणसाने बरीच वर्षे निराळी रीत चालवली. इंजिन पुढे, पण त्याचा जोर मागच्या चाकांना. पुढची चाके केवळ वळण्यापुरती. आपली अँबॅसडर तशीच होती. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्या निघाल्या नव्हत्या असे नाही, पण ती कल्पना घराघरांत नेली ती मिनी नावाच्या चिमुकल्या गाडीने. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने आखलेली ही गाडी इंग्लंडमध्ये १९५९ साली बाहेर पडली. त्याने इंजिन आडवे बसवले आणि सगळी यंत्रसामग्री पुढेच कोंबली. त्यामुळे एवढ्याशा गाडीत चार माणसांना ऐसपैस जागा झाली. आपल्याकडे १९८३ साली आलेली मारुती ८०० याच जातीची.

या मिनीचेच एक लहान रूप घरी किंवा शाळेत कसे जोडता येते, ते मला आज सांगायचे आहे. खेळण्यांच्या दुकानातली तयार गाडी मी म्हणत नाही, बरं का. ती दोन दिवस पळते, तिसऱ्या दिवशी माळ्यावर जाते. मी म्हणतो ती सुट्या भागांचा संच घेऊन, एकेक स्क्रू पिळून उभी करायची गाडी. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनी असे संच काढते. १९४६ साली ही मंडळी लाकडाच्या धंद्यात होती. पुढे लाकडी नमुने, मग प्लॅस्टिकचे, आणि १९७६ पासून रेडिओवर चालणाऱ्या गाड्या. त्यांचा ‘एम-०५’ हा सांगाडा २००९ सालचा. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाचा, आणि जोर पुढच्या चाकांना. मिनीच्या संचात पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर २१० मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभर.

खोके उघडले की प्रथम छाती दडपते. पिशव्याच पिशव्या! स्क्रू, वॉशर, गोळ्या, बारीक पिना. आणि प्लॅस्टिकचे भाग अजून आपापल्या चौकटींना चिकटलेलेच. सोबत चित्रांची पुस्तिका असते. तिच्यात प्रत्येक स्क्रूचे चित्र खऱ्या मापाचे काढलेले आहे. स्क्रू चित्रावर ठेवायचा. बरोबर बसला तर तोच. इंग्रजी न येणाऱ्या पाचवीच्या मुलालाही हे काम जमते. ज्याला भाग निवडायला बसवाल त्याला घाई करू देऊ नका. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू आपला आटा आपणच पाडत जातो. तो टेकला की थांबायचे. आणखी अर्धा फेरा पिळला तर आटा गेला, आणि तो भाग मग फेकायच्या लायकीचा.

आता खरी गोष्ट डिफरन्शिअलची. विज्ञानाच्या परीक्षेत मुले त्याची आकृती काढतात, नावे देतात, गुण मिळवतात. पण ते कशासाठी आहे, हे विचारा! मी कॉलेजात गणित शिकवतो. माझ्या वर्गात हुशार मुले गप्प बसलेली मी पाहिली आहेत. या संचात ते एवढेसे यंत्र स्वतः जोडावे लागते. एका मोठ्या दातेचाकाच्या पोटात तीन लहान शंकूकार दातेचाकी, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन जरा मोठी, आणि मधे चिकट वंगण. जोडून झाले की पुढे जायचे नाही. बाहेरचे मोठे चाक चिमटीत घट्ट धरा आणि एका बाजूचा दांडा फिरवा. दुसरा दांडा उलट फिरतो! मुलांचे डोळे इथे मोठे होतात. मग सांगावे की दोन्ही दांड्यांच्या फेऱ्यांची बेरीज ही नेहमी मधल्या चाकाच्या फेऱ्यांच्या दुप्पट. मधले चाक स्थिर, म्हणजे बेरीज शून्य. म्हणून एक सुलटा तर दुसरा उलटा.

याची गरज काय? गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते. किती जास्त? समजा, आपल्या लहान गाडीच्या पुढच्या दोन चाकांत १४ सेंटिमीटर अंतर आहे. गाडीने एक पूर्ण गोल फेरी मारली, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा दोन गुणिले पाय गुणिले १४, म्हणजे ८८ सेंटिमीटर जास्त चालते. आता गंमत पाहा. ही फेरी तुळशीवृंदावनाभोवती मारा नाहीतर सबंध पटांगणाभोवती मारा, फरक ८८ सेंटिमीटरच! त्रिज्या वजाबाकीत उडून जाते. चाकाचा व्यास साडेपाच सेंटिमीटर धरला तर बाहेरचे चाक पाच फेरे जास्त फिरते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जखडली असती, तर या पाच फेऱ्यांचे करायचे काय? कुठले तरी चाक घसटत, फरफटत गेलेच असते. बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात. पण मोकळ्या चाकांना जोर कसा द्यायचा? जोरही द्यायचा आणि मोकळीकही ठेवायची, हे कोडे डिफरन्शिअलने सोडवले आहे. शिक्षकमित्रांना सुचवतो की गावात बैलगाडी उरली असेल तर मुलांना दोरी घेऊन पाठवा. दोन चाकांमधले अंतर मोजा, त्याची दुप्पट करा, चाकाच्या व्यासाने भागा; एका गोल फेरीत बाहेरचे चाक किती फेरे जास्त फिरेल त्याचे उत्तर येईल. पाय लागतसुद्धा नाही.

या मोकळेपणाचा एक तोटाही आहे, आणि तो शेतकऱ्याला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात रुतले की तेच गरगर फिरते, कोरड्यावरचे दुसरे ढिम्म उभे. मग पायाशी असलेला डिफरन्शिअल लॉक दाबावा लागतो, म्हणजे दोन्ही चाके तेवढ्यापुरती एक होतात. आमच्या नात्यातल्या एका खेड्यात सुट्टीत ही गाडी मुलांकडून जोडून घेतली. तिचे एक चाक वाळूत फिरत राहिलेले पाहून आठवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, दोन चाकांचे फेरे एकानेच खाल्ले!” बेरजेचा नियम तिने कुठे पाठ केला नव्हता. तिचे वडील बाजूला उभे होते. सकाळपासून त्यांचा सूर होता की हा पोरखेळ आहे आणि मुलींचा तर मुळीच नाही. ते काही बोलले नाहीत. पण दुपारी तिला ट्रॅक्टरपाशी घेऊन गेले आणि तो लॉक कुठे असतो ते दाखवले.

पुढच्या चाकांना जोरही द्यायचा आणि वळवायचेही, म्हणून डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतचा दांडा वाकता सांधा असलेला लागतो. त्याच्या दोन्ही टोकांना एक गोळी आणि तिच्यातून आरपार आडवी पिन असते. चाक पूर्ण वळवून मोटर चालवली की थरथर जाणवते. अशा सांध्यातून वाकलेल्या कोनात गती एकसारखी जात नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते. बिघाड समजून गाडी पुन्हा खोलू नका.

सुकाणू फिरवणाऱ्या लहान यंत्राला सर्व्हो म्हणतात. त्याचा हात बसवण्याआधी हातातला प्रक्षेपक आणि गाडीतला ग्राहक सुरू करून सर्व्हो मधोमध आणून घ्यावा. हे टाळले तर सरळ जाण्यासाठीही चाक तिरपे धरावे लागते. सुरू करताना आधी प्रक्षेपक, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग प्रक्षेपक. तुमच्या रेडिओत माझा आवाज ज्या जातीच्या लहरी आणतात त्याच जातीच्या लहरी इथेही आहेत, फक्त फार आखूड. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये अशी लहरींवर चालणारी नाव लोकांना दाखवली होती.

खर्चाचेही बोलू. हा प्रकार स्वस्त नाही, आणि खोक्यावरची किंमत पाहून भुलू नये. रेडिओ, सर्व्हो, बॅटरी, चार्जर हे बहुधा निराळे घ्यावे लागतात. प्रत्येक शाळेने घ्यावा असे मी म्हणणार नाही. केंद्रशाळेत एक संच असला आणि तो वर्षातून तीनदा खोलून तीन तुकड्यांनी जोडला, तरी पैसे वसूल. पण एकच चलाख मुलगा सगळे जोडतो आणि बाकीचे भोवती उभे राहतात, तसे होऊ देऊ नका. डिफरन्शिअल एकाकडे, सुकाणू दुसरीकडे, मागची चाके तिसऱ्याकडे. बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल जातीची घ्यावी, तीत १.२ व्होल्टचे सहा घट असतात. लिथियमची जास्त जोमदार खरी, पण ती चुकीच्या चार्जरवर लावली, ठेचली किंवा भोसकली गेली तर पेट घेते. मुलांच्या हाती पहिली म्हणून ती देऊ नये.

वरचा पारदर्शक सांगाडा पॉलिकार्बोनेटचा असतो. तो आतून रंगवायचा, म्हणजे रस्त्यावर घासला तरी रंग जात नाही. काचा आधी झाकून घ्याव्यात, आणि गडद रंग आधी, फिका मागाहून.

आता चालवू या. जागा कोब्याची किंवा फरशीची हवी. गाडी फार खाली बसलेली आहे, ढेकळांत तिचे काम नाही. वेग वाढवत वळण घ्या. गाडी म्हणावी तितकी वळत नाही, बाहेर बाहेर जाते. का? टायरची पकड मर्यादित आहे, आणि ती ओढण्यात आणि वळण्यात वाटली जाते. वाटणी मात्र साध्या वजाबाकीची नव्हे. ओढणे पुढच्या दिशेने, वळणे आडव्या दिशेने, म्हणजे काटकोन. पकड ५ असेल आणि ३ ओढण्यात गेली तर वळायला २ नाही, ४ उरते. पायथागोरस इथे कामाला येतो! पण ओढण्यातच ५ खर्च झाली, तर वळायला शून्य. म्हणून मुले वळणावर जोर वाढवतात तेव्हा गाडी सरळ भिंतीकडे जाते. जोर जरा कमी करा, नाक आत वळते. एकदम सोडलात तर वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर फेकली जाते. इंग्रजी आठाचा आकडा काढत हे करून पाहावे, दोन विटा ठेवून. मुलांना साधारण तिसऱ्या बॅटरीपर्यंत हात बसतो.

खेळ संपला की बॅटरी काढून ठेवा, मोटर गार होऊ द्या, आणि पुढच्या आसांत गुंडाळलेले केस-दोरे चिमट्याने ओढून काढा. आपल्याकडची धूळ बारीक. वंगणात मिसळली की ती दाते झिजवते. दातेचाकांची पेटी दोनतीन महिन्यांनी खोलून, पुसून, नवे वंगण भरावे. ते काम, अर्थात, पुढच्या तुकडीचे.