यंदाच्या लगीनसराईची गाणी

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण, मे २०२५)



आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. माइकपुढं बसलेली एकटी आहे, पण बोलणं बाराजणींचं आहे. महिन्याची बैठक झाली, बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत लिहून झाले, की आमच्यातली एक सून आपला मोबाइल स्टीलच्या तांब्यात उभा ठेवते. तांब्यात ठेवला की आवाज मोठा येतो. मग त्या महिन्यात आलेली नवी गाणी आम्ही ऐकतो आणि दहापैकी मार्क देतो. आधी हिशेब आणि मग गाणी, हा आमच्या गटाचा नियम आहे. तो मोडला की हिशेब राहूनच जातो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं.

मार्क देताना आम्ही तीन गोष्टी बघतो. पहिली, शब्द कळतात का. दुसरी, सासू, सून आणि नात अशा तिघींना एका अंगणात त्या गाण्यावर नाचता येतं का. तिसरी, गाण्यात बाई असेल तर ती काही बोलते का, का नुसती बघायला उभी केलीय.

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं गाण्यांचा हंगाम. शेतात काम कमी, लेकरांना सुट्ट्या, चौदा एप्रिलची जयंती, जत्रा आणि सगळ्यांत मोठी म्हणजे लगीनसराई. गाणी करणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं. ‘सैराट’ आला तो २९ एप्रिल २०१६ ला, ‘चंद्रमुखी’ आला २९ एप्रिल २०२२ ला. मांडव पडायच्या दिवसांतच नवं गाणं येतं आणि पावसाळ्यापर्यंत ते गावोगाव पोचतं.

यंदा सगळ्यांत जास्त वाजतंय ते ‘शेकी’. संजू राठोडचं गाणं, एप्रिलमध्येच आलं. हा पोरगा जळगाव जिल्ह्यातला, बंजारा घरातला. आमच्या गटातल्या दोघी तांड्यावरच्या आहेत. त्यांना त्याचं भारी कौतुक. ‘आमच्यातल्या लेकराचं गाणं साऱ्या मुलखात वाजतंय,’ असं म्हणून त्या ऐकायच्या आधीच दहा मार्क देऊन मोकळ्या झाल्या. आम्ही म्हटलं, बाई, मार्क गाण्याला द्यायचेत, नात्याला नाही.

ठेका झकास आहे, बसल्या जागी पाय हलतो. मराठीत इंग्रजी शब्द मिसळलेत, पण पोरींना ते तोंडपाठ झालेत, तेव्हा शब्द कळत नाहीत असं काही म्हणता येत नाही. घोडं अडलं ते तिसऱ्या गोष्टीवर. गाणं आहे पोरीच्या कंबरेच्या आणि चालीच्या कौतुकाचं. पोरगा बघतो, पोरगा बोलतो. आमच्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, ‘कंबरेचं एवढं कौतुक आहे, तर सोयाबीन काढायच्या दिवसांत आमच्या कंबरेला कुणी का इचारत नाही?’ आम्ही हसून हसून बेजार झालो. सुनांचं म्हणणं वेगळं होतं. ‘आत्या, नाचायचं गाणं आहे ते. नाचताना कंबर आमची आम्हालाच छान वाटते, कुणी बघो न बघो.’ हेही आम्हाला पटलं. दिवसभर वाकून काम करणाऱ्या पोरीला ताठ उभं राहून आपलंच अंग बरं वाटत असेल, तर त्याला नाव ठेवणारे आम्ही कोण? भांडून भांडून शेवटी सात मार्क दिले.

दुसरं गाणं ‘आलेच मी’. ही लावणी ‘देवमाणूस’ सिनेमातली. हा सिनेमा २५ एप्रिलला लागला. नाचलीय सई ताम्हणकर, आणि बाईचा आवाज आहे बेला शेंडेचा. ‘नटरंग’मधल्या लावण्या ज्या आवाजात आपण ऐकल्या, तोच हा आवाज. शब्दाला दहापैकी दहा. एकही अक्षर दाताखाली गेलेलं नाही.

लावणी म्हटलं की आम्हाला माळेगावची जत्रा आठवते. लोहा तालुक्यातलं खंडोबाचं माळेगाव. तिथं दरवर्षी लावणीचे फड येतात. आमचे भाऊ, दीर, सासरे जाऊन यायचे आणि आठ आठ दिवस तेच बोलत बसायचे. आम्ही खंडोबाचं दर्शन घ्यायचो, बांगड्या भरायचो आणि गाडीत बसून घरी यायचो. तंबूच्या बाहेरून ढोलकी ऐकली, आत काय चालतं ते कधी बघितलं नाही. आता तीच लावणी आम्ही बाराजणी तांब्यातल्या मोबाइलवर बघतो. आमच्यातली सत्तरीची आजी परवा म्हणाली, ‘अगं, ही तर सगळं सोताच बोलती. पुरुष नुसता ऐकतोय.’ हेच लावणीचं आहे. नाचणारीला लोकांनी नाव ठेवलं, पण गाण्यात तोंड तिचंच असतं. नाचायच्या बाबतीत मात्र मार्क कापले. नऊवारीत तसं नाचणं आमच्यातल्या तरण्या सुनांनाही जमेना. आठ मार्क.

तिसरी गाणी जयंतीची. भीमजयंतीला दरवर्षी नवी गाणी येतात, यंदाही आली. पण आमच्या गटात अजून पहिला मान कडूबाई खरात यांचा. छत्रपती संभाजीनगरच्या ह्या बाई. नवऱ्याच्या मागं लेकरं सांभाळत, हातात एकतारी घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरायच्या. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं गाणं घेतलं, ते ह्या फोनवरून त्या फोनवर गेलं आणि साऱ्या महाराष्ट्राला त्यांचा आवाज माहीत झाला. मागं ना बँड, ना डीजे, एक तार आणि एक बाई. त्यांच्या गाण्याला आम्ही मार्क देत नाही, गप बसून ऐकतो. आमच्या गटात सगळ्या समाजाच्या बाया आहेत आणि ऐकताना सगळ्यांचेच डोळे भरतात.

आता जुन्या गाण्यांचंही बोललं पाहिजे, कारण मांडवात जुनंच जास्त वाजतं. ‘झिंगाट’ला नऊ वर्षं झाली. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन तिथल्या वादकांचा मोठा ताफा बसवला होता. अकलूजची रिंकू राजगुरू त्यातली आर्ची झाली, बुलेट चालवली, ट्रॅक्टर चालवला. झिंगाट लागलं की आमची सत्तरीची आजीसुद्धा हात वर करते. पण एक गोष्ट आम्हाला खटकते, ती सांगतोच. त्या सिनेमाचा शेवट काय आहे, तो आपण सगळ्यांनी बघितलाय. आपल्या मनानं लग्न केलं म्हणून लेकीचं तोंड न बघणाऱ्या घराच्या वरातीतही झिंगाट वाजतं, आणि तिचा बापच पुढं नाचत असतो. गाणं सगळ्यांना पाहिजे, आर्ची कुणालाच घरात नको. आम्ही गाण्याला नऊ मार्क दिले, आणि आम्हा नाचणाऱ्यांना किती द्यायचे ते ठरलं नाही.

डीजेबद्दलही एक वाक्य. छातीत धडधड होईपर्यंत आवाज वाढवला की गाणं ऐकूच येत नाही, नुसता दणका येतो. पाळण्यातलं लेकरू दचकतं, म्हाताऱ्या माणसाचा जीव घाबरतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावायला कायद्यानंच बंदी आहे. आपल्या घरचं लग्न असेल तेव्हा तरी आवाज कमी करा म्हणून आपणच सांगावं. गाण्यावर जीव आहे म्हणूनच सांगतोय.

आणि आता ज्या गाण्यासाठी आम्ही आज इथं आलोय, ते सांगतो. गाणं नवं नाही, ‘गुलाबी साडी’. तेही संजू राठोडचंच, गेल्या वर्षी फेब्रुवारीत आलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. नटून-थटून, गुलाबी साडी नेसून एक पोरगी आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते, एवढंच ते गाणं. बोलणं बाईचं आणि आवाज पुरुषाचा. आपल्याला त्याचं नवल नाही, एकनाथ महाराजांनी पैठणला बसून बाईच्या तोंडची किती भारुडं लिहिली. बाई आपल्या तोंडानं म्हणते की मी छान दिसते, हे आम्हाला लई आवडलं. आपल्याकडं बाई छान दिसते हे दुसऱ्यानं म्हणायचं असतं, तिनं स्वतः म्हटलं तर ती आगाऊ.

गेल्या वर्षी आठ मार्चला आम्ही ठरवलं, सगळ्यांनी गुलाबी साडी नेसायची. कुणाची नवी, कुणाची उसनी, कुणाची लेकीची. समाजमंदिरापुढं तेच गाणं लावून नाचलो. आमच्यातल्या एका मावशींनी सगळा कार्यक्रम मोबाइलमध्ये घेतला. त्या व्हिडिओला गावात सगळ्यांनी नावाजलं.

मावशींचे मालक सात वर्षांपूर्वी गेले. नापिकीचं साल होतं, डोक्यावर कर्ज होतं, जास्त सांगत नाही, मराठवाड्यातल्या बायांना सांगायची गरज नाही. त्यानंतर मावशी गटात आल्या. हिशेबाला पक्क्या आहेत, कर्जाचा एक हप्ता कधी चुकवला नाही.

ह्या मार्चमध्ये गटाची माहिती द्यायला आम्हाला पाच वर्षांचे फोटो लागणार होते. सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा केले. पापड-शेवयांच्या स्टॉलचा फोटो, बँकेतला फोटो, सहलीचा फोटो, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचा फोटो. बघता बघता ती सून म्हणाली, ‘मावशी कुठंयत?’ आम्ही परत पहिल्यापासून बघितलं. पाच वर्षांत एका फोटोत मावशी नाहीत. का, तर सगळे फोटो मावशींनीच काढलेले. हळदी-कुंकवाला त्यांना बोलावत नव्हतो, म्हणून त्या फोटो काढायच्या निमित्तानं यायच्या. गुलाबी साडी नेसायचं ठरलं तेव्हाही आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या, ‘मी फोन धरते,’ आणि आम्हाला ते सोयीचं वाटलं.

दोष कुणाला द्यायचा? गावाला द्यावा तर गाव म्हणजे आम्हीच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं साऱ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. आम्ही ते बैठकीत मोठ्यानं वाचलं होतं आणि टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवतानाचा फोटो पण मावशींनीच काढलाय.

एप्रिलमध्ये गटातल्या एकीच्या लेकीची हळद होती. लेकीचं वय एकोणीस, कॉलेजला जाते, लग्न तिला विचारून ठरलेलं. आम्ही वर्गणी काढून मावशींना एक गुलाबी साडी घेतली. त्या घेईनात. ‘लोक काय म्हणतील,’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘लोकांचं सोडा, मलाच कसंतरी वाटतंय.’ आम्ही जबरदस्ती केली नाही. बाईला रंग सोडायला लावणं जसं वाईट, तसंच तिच्या मनाविरुद्ध रंग नेसवणंही वाईट. साडी त्यांच्या घरी ठेवून आलो.

हळदीच्या दिवशी मावशी आल्या. आमची गुलाबी साडी त्यांनी नेसली नव्हती. पेटीतली एक जुनी, फिक्या गुलाबी रंगाची, हिरव्या काठाची साडी नेसून आल्या होत्या. मालकांनी लातूरहून आणलेली, म्हणाल्या. नवरीनं स्वतः उठून त्यांच्या हातात हळदीची वाटी दिली. एकदोन बायांनी तोंडं वाकडी केली, ते खोटं कशाला सांगू. मावशींचा हात थरथरत होता, पण नवरीच्या गालाला हळद लागली. मग ‘गुलाबी साडी’ लागलं. मावशी नाचल्या नाहीत. सवयीनं मोबाइल धरायला पुढं झाल्या, तेव्हा सुनेनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, ‘आज तुम्ही तिकडं उभ्या राहा.’

फोटो काही खास आला नाही. मागं मांडवाचा बांबू आलाय, एकीचे डोळे मिटलेत, मावशी कडेला आहेत आणि अर्धा पदर तोंडावर आहे. पण त्या आहेत. रात्री घरी जाताना त्यांनी विचारलं, ‘फोटो बघू माझा.’ बघितला, आणि म्हणाल्या, ‘पदर कशाला घेतला म्या तोंडावर?’

म्हणून ‘गुलाबी साडी’ला आम्ही दहापैकी दहा दिले. संजू राठोडला हे सगळं माहीत असायचं कारण नाही. त्यानं नाचायला गाणं केलं, आम्हाला त्यातून आमची चूक दिसली. गाण्याचं असंच असतं, करणारा करतो आणि ऐकणाऱ्याच्या घरात ते वेगळंच काम करतं.

तुमच्या गटालाही आमचं एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की गटाचे फोटो काढून बघा. कोण प्रत्येक फोटोत आहे, कोण कधीच नाही, ते मोजा. जी नाही, ती कुठं उभी होती ते तिला विचारा. मग लावा कुठलंही गाणं.

पुढच्या महिन्यात पेरणीची घाई असेल, नवी गाणी कमी ऐकणं होईल. तेव्हा आम्ही जुन्याकडं वळणार आहोत. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. त्यांच्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सोबत्यांसह गोळा करून ठेवल्यात. शब्द बाईचे, चाल बाईची, आवाजही बाईचाच. आमच्या आजीला तशा पन्नासेक येतात. त्या मोबाइलमध्ये घ्यायचं ठरलंय. मोबाइल कुणी धरायचा, त्याची आता पाळी लावलीय.

चला, येतो. रामराम.