बँड पंधरा जणांचा, नाव एकाचे



कामगार चळवळीतला माणूस संगीतावर काय बोलणार, अशी शंका कुणाला आली असेल तर ती रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटात अधिक झाले. सुरांचे ज्ञान तर नाहीच. परंतु पंधरा माणसे एका ठेक्यात काम करतात म्हटल्यावर तो विषय आमच्याही अखत्यारीत येतो. अमेरिकेतल्या ‘स्विंग’कडे आम्ही वळलो ते याच वाटेने.

साधारण १९३५ ते १९४५ ही या संगीताच्या भरभराटीची वर्षे. मंदीने गांजलेली तरुण मंडळी नाचघरात जात आणि तेथे मोठा बँड वाजे. ट्रंपेट, ट्राँबोन आणि सॅक्सोफोन यांचे तीन ताफे. पाठीशी पियानो, गिटार, बास आणि ड्रम. एका ताफ्याने सवाल टाकावा, दुसऱ्याने जबाब द्यावा. आपल्याकडे बुवा चरण सांगतो आणि टाळकरी तो उचलतात, तसेच काहीसे. सर्वांनी लिहिलेले वाजवायचे. पण मध्येच एकाने उभे राहून मनचे वाजवायचे आणि तेवढा वेळ इतरांनी त्याला सांभाळून घ्यायचे. शिस्त की स्वातंत्र्य, हे भांडण आमच्या संघटनांत रोजचे आहे. या मंडळींनी ते रोज रात्री मिटवून दाखविले.

पण हे सारे लिहून कोण देत होते? ही घडण बसविणाऱ्यांत फ्लेचर हेंडरसन हा कृष्णवर्णीय कलावंत अग्रणी. त्याचा स्वतःचा बँड डबघाईला आला, तेव्हा त्याने आपल्या रचना बेनी गुडमन या गोऱ्या वादकाला विकल्या. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमार नाचघरात गुडमनने त्या वाजविल्या आणि गर्दी वेडी झाली. ‘स्विंगचा राजा’ ठरला गुडमन. त्याने हेंडरसनचे ऋण लपविले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन हे कृष्णवर्णीय वादक त्याच्याबरोबर एका मंचावर बसले. ज्या देशात अनेक ठिकाणी काळ्यागोऱ्यांना एका टेबलाशी जेवता येत नव्हते, तेथे ही गोष्ट लहान नव्हती.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. वादकाने एकदा वाजवायचे आणि तबकडीने ते हजारदा वाजवून त्याचीच भाकरी काढून घ्यायची, असे चालले होते. १ ऑगस्ट १९४२ पासून जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली वादकांच्या युनियनने ध्वनिमुद्रण बंद पाडले. दोन वर्षांहून अधिक काळ झुंज चालली. नोव्हेंबर १९४४ मध्ये उरलेल्या दोन बड्या कंपन्याही नमल्या. तबकड्यांवरील रकमेतून निधी उभा राहिला. १९४८ च्या दुसऱ्या लढ्यानंतर जो विश्वस्त निधी झाला, त्यातून आजही लोकांसाठी विनामूल्य मैफली होतात.

जिंकलेल्या लढ्याची किंमतही सांगितली पाहिजे. गायक या युनियनमध्ये नव्हते. कंपन्यांनी गायकांना पुढे केले आणि श्रोत्यांचा कान तिकडे वळला. युद्धातली पेट्रोलटंचाई आणि १९४४ चा करमणुकीच्या जागांवरील कर यांची त्यात भर पडली. मोठे बँड मोडले. शिवाय त्याच युनियनमध्ये अनेक शहरांत काळ्यांची शाखा वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी होती. लॉस एंजेलिसच्या शाखा १९५३ मध्ये एक झाल्या, शिकागोच्या १९६६ मध्ये. हे सांगताना आमची मान खाली जाते.

मग राहिले काय? राहिली ती काम करण्याची रीत. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत आजही मुले असे बँड चालवितात. आणि ती रीत आपल्या दारीही आली. १९३० नंतर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्डसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत वाजवीत. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी ती विद्या उचलली. अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट त्यांतलाच. आपले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त तो ठेका घरोघर पोहोचविला. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना वर्षानुवर्षे लिहिली. अशा लेखणीवाल्यांची नावे पडद्यावर क्वचितच झळकली. हेंडरसनची कथा येथेही तीच.

श्रोतेहो, दुसऱ्याकडे बोट दाखविणे सोपे. संप मिटतो तेव्हा हार आमच्या गळ्यात पडतो. पावसात दारोदार हिंडून वर्गणी गोळा करणारा, रात्री जागून मागण्यांचा खर्डा लिहिणारा फोटोत नसतो. आम्हीही आजवर त्यांची नावे भाषणात घेतली नाहीत. हा दोष आम्ही आमच्या पदरी घेतो.

तेव्हा एखादे जुने गाणे लागले की गळ्याबरोबर मागच्या ताफ्याकडेही कान द्या, आणि ते कोणी लिहिले एवढे एकदा विचारा. श्रमाला दाम हवाच, नावही हवे.