पावणेदोन मिलिमीटर



सकाळपासून माझा कॅमेरा बघून 'हे काय गं?' चालू आहे. कॅमेरा आजचाच, भिंग मात्र १६ मिमी फिल्मच्या काळातलं, स्विस बनावटीचं केर्न स्विटार.

बाईंनी प्रयोगशाळेत बहिर्वक्र भिंगाने खिडकी कागदावर उलटी पाडली होती, आठवतं? कागद जरा सरकला की चित्र पुसट. इथेही सगळा खेळ अंतराचा. या सी-माउंट भिंगाची बैठक फिल्मपासून १७.५२६ मिमीवर, माझ्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्याची सेन्सरपासून १९.२५ मिमीवर. म्हणून अडॅप्टर भिंगाला जवळजवळ पावणेदोन मिमी आत बसवतो. नाहीतर लांबचं काही स्पष्ट दिसलंच नसतं.

१६ मिमी फिल्मची चौकट जेमतेम १० मिमी रुंद, माझा सेन्सर १७.३. त्यामुळे कोपरे काळे येतात. मागच्या बाकावरच्यांनी आज तरी मधे उभं राहावं! आणि कुणाच्या माळ्यावर आजोबांचा सिने-कॅमेरा असेल तर भंगारात घालू नका, आधी मला दाखवा.

ऑटोफोकस नाही, प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबून कडं फिरवावं लागतं. बाईंचे फोटो आपल्या मोबाइलमध्ये पुष्कळ आहेत, पण शिकवताना हलणारे त्यांचे हात कुणाकडेच नाहीत. बाई, जेवण झालं की दहा मिनिटं व्हरांड्यात बसाल? तिथे प्रकाश चांगला आहे.