एडिस्टनचा दीपस्तंभ

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, प्लिमथ बंदरापासून सुमारें १४ मैलांवर, भर समुद्रांत एडिस्टनचे खडक आहेत. भरतीला ते बहुतेक पाण्याखालीं जातात; आणि बंदराकडे येणाऱ्या गलबतांची वाट तर त्यांच्याच जवळून. अशा ठिकाणीं दिवा लावावयाचा, तर तो कशाच्या आधारावर उभा राहावा? या प्रश्नाला मनुष्यानें चार वेळां उत्तर दिलें. त्याचीच ही हकीकत.

पहिलें उत्तर हेन्री विन्स्टनली याचें. त्याच्या मनोऱ्यांतील दिवा १६९८ सालीं उजळला. आपल्या कृतीवर त्याचा इतका भरंवसा कीं, मोठ्यांत मोठें तुफान त्या मनोऱ्यांत राहून पाहावें, अशी त्याची इच्छा असल्याचें सांगतात. ती इच्छा पुरी झाली. १७०३ च्या नोव्हेंबरांतील महावादळांत तो मनोऱ्यांतच होता. वादळ निवळलें तेव्हां खडकावर मनोराहि नव्हता आणि त्याचा कर्ताहि नव्हता.

जॉन रडयर्ड याचा १७०९ सालचा दुसरा मनोरा मुख्यतः लाकडाचा. त्यानें ४६ वर्षें लाटांना दाद दिली नाहीं. परंतु १७५५ सालीं दिव्याच्याच खोलींत आग लागली आणि पाण्यानें सोडलें तें अग्नीनें नेलें.

तिसरा जॉन स्मीटन. त्यानें ओक वृक्षाचा बुंधा डोळ्यांपुढें ठेवून, तळाशीं रुंद व वर निमुळता होत जाणारा दगडी मनोरा योजिला. दगडांना खांचा पाडून ते एकमेकांत व खालच्या खडकांतहि गुंतविले. सांध्यांसाठीं पाण्यांतहि घट्ट होणारा चुना हवा होता. ज्या चुनखडींत चिकणमातीचा अंश असतो, तिचाच चुना असा घट्ट होतो, हें त्यानें प्रयोगांनीं शोधून काढिलें. १७५९ सालीं त्या मनोऱ्यांत २४ मेणबत्त्या पेटल्या.

शंभरांहून अधिक वर्षें त्या बांधकामानें दगा दिला नाहीं. पण लाटांनीं त्याच्याखालचा खडकच पोखरला. तेव्हां जेम्स डग्लस यानें शेजारच्या खडकावर चौथा मनोरा बांधिला. स्मीटनच्या मनोऱ्याच्या वक्र पायथ्यावरून लाटा वर चढत, म्हणून डग्लसनें आपला पायथा सरळ, दंडगोल ठेविला. १८८२ सालीं लागलेला तो दिवा आजहि चालू आहे. मात्र १९८२ पासून तेथें रखवालदार नाहीं. स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग प्लिमथ येथें नेऊन उभारला. बुंधा समुद्रांत तसाच उभा आहे.

रात्रीं तेथून जाणाऱ्या खलाशाला या चौघांचीं नांवें ठाऊक नसतील. पण त्याला दिसणाऱ्या उजेडांत बुडालेल्याचा, जळालेल्याचा आणि पोखरलेल्याचाहि वाटा आहे.