कंदिलाची काच, लोणच्याची बरणी

मैत्रिणींनो, कंदिलाची काच आठवते न? पोकळ नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन ती फुंकून फुगवत. पोट यासाठी, की ज्योत काचेला भिडू नये. वरचं निमुळतं तोंड हवा ओढतं, काजळी कमी धरते. शोभा आली ती कामातूनच.

तळेगावचा काचकारखाना १९०८ साली निघाला तो माणशी एकेक पैसा जमवून. म्हणजे बचतगटच की! पुढं कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला.

आता आपल्या लोणच्यासाठी फिरोजाबादहून फुंकीव बरण्या मागवायच्या आहेत. नक्षी पाहून भुलू नका. हात आत जातो का, तळ जड आहे का, झाकण घट्ट बसतं का, हे आधी. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरची आवडती बरणी आणा. तोंडाचं माप घेऊ, मगच पैसे पाठवू.