जर्मनकडे जायची मराठी वाट

जर्मन किंवा जपानी शिकायची ओढ आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि १०,००० कुशल तरुण तिकडे पाठवण्याची योजना आखली. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशी ही माणसं. म्हणजे कोल्हापूरकडच्या बिद्री-कागल पट्ट्यातल्या आयटीआयची आणि नर्सिंगची मुलंही त्यात येऊ शकतात. पण जर्मनचं व्याकरण बऱ्याच वर्गांत इंग्रजीतून समजावलं जातं. ज्या मुलाचं इंग्रजी कच्चं, त्याची हौस महिनाभरात विझते आणि आपण म्हणतो, त्याला भाषेचं अंग नाही. माझं म्हणणं असं, की हे समजावणं मराठीतून व्हावं. आणि ते केवळ सोयीसाठी नव्हे, तर या भाषांकडे जायला मराठीची वाट खरोखरच जवळची आहे म्हणून.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. इंग्रजीवाल्याला निर्जीव टेबलालाही लिंग असतं इथपासून सुरुवात करावी लागते. आपलं पोर ‘चांगला, चांगली, चांगलं’ पाळण्यातूनच शिकून येतं. लिंगं जुळतीलच असं मात्र नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. पाठांतर चुकत नाही, कल्पना तेवढी नवी उरत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक जर्मनमध्ये आहे, इंग्रजीत तो पुसला गेला. जपानीत तर क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि आपल्या ‘ला’, ‘त’, ‘हून’सारखे शब्द नामामागून चालतात. उच्चारांचंही तसंच. त्सुनामीतला पहिला ध्वनी इंग्रज बहुधा ‘सु’ करून सोडतो. आपण तो ‘चुना’ म्हणताना रोज काढतो. शिकणाऱ्याच्या भाषेतून व्याकरण समजावणं काही नवं नाही. सोळाव्या शतकात गोव्यात आलेले फादर स्टीफन्स स्वतः इंग्रज होते, पण कोकणीचं व्याकरण त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलं, कारण ते वापरणाऱ्या पाद्र्यांची समाईक भाषा ती होती. शिकणाऱ्याचा असा विचार चारशे वर्षांपूर्वी झाला होता.

यावर शिक्षक मंडळी म्हणतील, मधे मायबोली आणली की मूल मनात भाषांतर करत बसतं. आक्षेप खरा आहे, पण तो इंग्रजीलाही तितकाच लागू होतो, तिथे तर भाषांतर दोनदा होतं. पुस्तकं इंग्रजीत आहेत, ही तक्रारही फारशी टिकत नाही. जर्मनची हल्लीची बरीचशी पाठ्यपुस्तकं जर्मनमध्येच असतात, इंग्रजी असतं ते फळ्याशी उभ्या माणसाच्या तोंडी. परदेशात इंग्रजीही लागेल, हे मान्य. ते वेगळं शिकावं. आणि मोबाइल भाषांतर करून देईल म्हणणाऱ्यांनी रात्रपाळीच्या परिचारिकेला विचारावं, कण्हणाऱ्या म्हाताऱ्यासमोर फोन धरून काम भागतं का. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात विदेशी भाषा विभाग आहे, मराठी विभागही आहे. दोघांनी मिळून जर्मन व्याकरणाची पन्नास पानी मराठी पुस्तिका लिहावी, आणि छापण्याआधी ती इंग्रजीत नापास झालेल्या मुलांच्या एका वर्गात वापरून पाहावी.