जुनी बस आणि नवे ब्रेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



उत्सव समितीच्या तरुण मंडळीनें मला भाषणाचा विषय कळविला तेव्हां प्रथम मला हंसूं आलें. धर्मगुरूनें बोलावें तें उपासाविषयीं, संस्कारांविषयीं, फार तर धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं. आणि ह्यांना हवी होती एका जुन्या बसगाडीची हकीकत! ही हकीकत मीं त्यांना एकदां पावसाळ्यांत दिवे गेले असतां ओटीवर बसून सांगितली होती. तेव्हांपासून ती सर्वांसमोर सांगा असा त्यांचा तगादा चालू आहे. तेव्हां आज ती सांगतों. तींत माझ्या शहाणपणाचा भाग अगदीं थोडा आहे, हें आधींच कबूल केलेलें बरें.

२००९ ते २०११ अशीं दोन वर्षें मी अमेरिकेंतील ओहायो राज्यांत एका खेड्यांतील धर्मग्रामांत साहाय्यक धर्मगुरू होतों. सभोंवार मक्याचीं व सोयाबीनचीं शेतें, मधोमध विटांचें चर्च, चर्चला लागून शाळा. त्या शाळेचाहि उत्सव जवळ आला होता. एका शेतकऱ्याच्या कोठारांत शाळेची पहिली बस तीस-पस्तीस वर्षें धूळ खात उभी होती. ती दुरुस्त करून उत्सवाच्या मिरवणुकींत आणावी असें ठरलें. पैशांचा हिशेब ठेवण्याचें काम माझ्याकडे आलें.

त्या देशांत शाळेची बस ही एक स्वतंत्र जात आहे. एक कारखाना लॉरीचा नुसता सांगाडा, म्हणजे इंजिन, चाकें व खालची चौकट, तयार करतो आणि दुसराच कारखाना तिच्यावर बसची पेटी चढवितो. जॉर्जिया राज्यांतील फोर्ट व्हॅली येथें आल्बर्ट लूस नांवाचे फोर्ड मोटारींचे विक्रेते होते. लांकडी पेटीची बस तिकडच्या खराब रस्त्यांवर खिळखिळी होते असा अनुभव आल्यावर त्यांनीं १९२७ सालीं पोलादी चौकटीची बस बांधली. ‘ब्लू बर्ड’ कारखान्याची ती पहिली बस. ती पुढें डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयांत गेली. पिवळा रंग मात्र १९३९ सालचा. त्या वर्षीं प्रोफेसर फ्रँक सायर यांनीं न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजांत एक परिषद भरविली, तेव्हांच्या ४८ राज्यांचे प्रतिनिधी बोलाविले, आणि शाळेच्या बससाठीं ४४ नियम ठरले. पहांटेच्या व सांजेच्या अंधुक उजेडांत पिवळ्यावरचीं काळीं अक्षरें चटकन् दिसतात, म्हणून हा रंग.

आमची बस १९५३ सालची, शेवरलेच्या सांगाड्यावरची. पत्र्याची जमीन ठिकठिकाणीं गंजून चाळणी झालेली, आसनांत उंदरांचीं घरटीं. कोणा एका हिवाळ्यांत इंजिनांतील पाणी काढावयाचें राहून गेलें होतें. तें गोठून फुगलें आणि इंजिनाचा ओतीव ठोकळा तडकला. समितींत लगेच दोन पक्ष झाले. एक म्हणे, प्रत्येक खिळा मूळचाच हवा. दुसरा म्हणे, बाहेरून जुनी दिसली कीं झालें, आंत सारें नवें घाला. दोन सभा ह्याच वादांत गेल्या. धर्मग्रामाच्या सभा कशा चालतात हें आपणांस मीं सांगावयास नको. साता समुद्रांपलीकडेहि त्या तशाच चालतात.

वाद मिटविला तो एका वृद्ध मिस्त्रींनीं. मूळचे केंटकी राज्यांतले, जन्मभर लॉऱ्या व बसगाड्या दुरुस्त केलेले, बोलणें मोजकें. त्यांनीं एवढेंच विचारलें, “फादर, ही गाडी नुसती उभी राहणार कीं चालणार?”

मीं म्हटलें, “चालणार.”

“मग ती थांबणार कशी, तें आधीं ठरवूं.”

हें वाक्य मीं ऐकलें आणि सोडून दिलें. माझें लक्ष इंजिनाकडे होतें. इंजिन सुरू झालें कीं देणगीदारांना आवाज ऐकवितां येतो. ब्रेकचा आवाज कोणाला ऐकवणार?

इंजिन मिळालें तें दुकानोदुकानीं पाव पोंचविणाऱ्या एका मोडींत निघालेल्या गाडींतलें. कमिन्स कंपनीचें, चार सिलिंडरांचें, ३.९ लिटरचें डिझेल इंजिन. पाववाल्यांच्या गाड्यांतील हीं इंजिनें तिकडे जुन्या लॉऱ्यांत पुष्कळ बसवितात, कारण तीं दणकट असतात. मात्र गाडी जागेवर उभी असली कीं खिडक्यांच्या कांचा दांत वाजवाव्यात तशा वाजत. हें इंजिन बसवितांना मला एक गोष्ट कळूं लागली: जुन्या गाडींत एक नवा भाग घातला कीं तो आपल्या शेजाऱ्यांना गप्प बसूं देत नाहीं. नव्या इंजिनाचा स्टार्टर १२ व्होल्टांचा, गाडी ६ व्होल्टांची. म्हणून बॅटरी बदलली, सारे दिवे बदलले, डायनॅमोच्या जागीं आल्टरनेटर आला. नवें इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानी बदलल्या. मागच्या आंसाचे दांते मूळचे संथ चालीसाठीं बेतलेले. डिझेल इंजिन फार फेरे घेत नाहीं, तेव्हां गाडी बैलगाडीसारखी चालूं नये म्हणून गिअरबॉक्सहि दुसरा आला. प्रत्येक वेळीं मी वहींत एक आंकडा लिहीत होतों आणि एक उसासा टाकीत होतों.

आतां ब्रेकचें सांगतों, कारण माझी चूक तेथें आहे. जड गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबत नाहीं. पायाला मदत लागते. जुन्या पेट्रोल इंजिनांत हवा आंत घेण्याच्या नळीला एक झडप असते. चालकानें पाय उचलला कीं झडप मिटते आणि नळींत ओढ निर्माण होते. ती ओढ एका पत्र्याच्या डब्यांतील पडदा खेंचते आणि तो पडदा चालकाच्या पायाचा जोर वाढवितो. डिझेल इंजिनाला अशी झडप नसते. तें मोकळा श्वास घेतें, म्हणून त्या डब्याला ओढ मिळत नाहीं. ओढ देणारा वेगळा पंप बसवावा लागतो. मिस्त्रींनीं तो मागविला होता, पण तो अजून पोंचला नव्हता. “पंप येईपर्यंत गाडी कोठाराबाहेर जाणार नाहीं,” असें त्यांनीं मला सांगितलें होतें. मला, दुसऱ्या कोणाला नव्हे.

एका शनिवारीं देणगीदार येणार होते. मिस्त्री त्या दिवशीं लेकीकडे गेले होते, आणि खरें सांगावयाचें तर मला तें सोयीचें वाटलें. धर्मग्रामांतील एक तरुण लॉरी चालवीत असे; त्याला मीं म्हटलें, “चर्चला एक फेरी मारूं, दहा मिनिटांचें काम.” पंपाची गोष्ट त्याला सांगितली नाहीं. कोठारासमोरच्या सपाट जागेंत त्यानें ब्रेक दाबून पाहिले. मनुष्य चालतो त्या वेगांत गाडी थांबली. समितीचे दोघे व मी पुढच्या आसनांवर बसलों आणि निघालों. चर्चच्या पुढें रस्ता उताराला लागतो व खालीं मोठ्या रस्त्याला मिळतो. उतारावर त्या मुलानें ब्रेक दाबला आणि मला त्याची पाठ ताठ झालेली दिसली. त्यानें दुसरा पायहि त्याच दांड्यावर ठेवला. दांडा दगडासारखा झाला होता. तो कांहींच बोलला नाहीं; बोलावयास वेळहि नव्हता. थांबा लिहिलेली लाल पाटी आमच्या बाजूनें निघून गेली. मोठ्या रस्त्यावरून नुकतीच एक दुधाची टाकीगाडी पुढें गेली होती. तिची मागची बाजू मला अजून आंखल्यासारखी आठवते. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या मक्यांत शिरलों आणि मऊ मातींत रुतून थांबलों. कोणाला खरचटलें देखील नाहीं.

त्याच दुपारीं पहिलीच्या वर्गांतील मुलांना त्या बसमध्यें बसवून गांवांतून फिरवावयाचें होतें. तो बेत माझाच होता.

संध्याकाळीं मिस्त्री आले. ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें. ते बसच्या पायरीवर बसले, मलाहि बसावयास सांगितलें आणि त्यांनीं मला आपल्या राज्यांतील एक गोष्ट सांगितली. १४ मे १९८८ च्या रात्रीं केंटकींत कॅरलटन गांवाजवळ एका चर्चची बस मुलांना सहलीहून परत आणीत होती. शाळेच्या कामांतून निवृत्त झालेली ती बस होती. आंत ६७ माणसें, बहुतेक मुलेंच. उलट्या दिशेनें आलेल्या एका दारुड्याच्या लॉरीनें तिला समोरून धडक दिली. धडकेनें बसमधील कोणीहि मेलें नाहीं. पुढच्या दाराजवळची, कसलेंहि आवरण नसलेली पेट्रोलची टाकी फुटली व पेटली. पुढचें दार बंद पडलें. आसनांच्या अरुंद वाटेनें सारीं मागच्या एकाच दाराकडे धांवलीं. २७ जण आगींत व धुरांत गेले. १ एप्रिल १९७७ पासून शाळेच्या नव्या बसला टाकीभोवतीं संरक्षण, उंच व मऊ पाठीचीं आसनें आणि मजबूत सांधे सक्तीचे झाले होते. ह्या बसचा सांगाडा त्या तारखेच्या कांहीं दिवस आधींचा होता. कायद्याच्या दृष्टीनें तींत दोष नव्हता. पुढें केंटकी राज्यानें आपल्या शाळांच्या बसला आणीबाणीच्या वाटांसह एकंदर नऊ वाटा ठेवण्याचा नियम केला, छपरांतहि दोन.

मिस्त्री म्हणाले, “तेव्हांपासून माझ्याकडे चर्चची कोणतीहि बस आली, कीं मी आधीं वांकून टाकी पाहतों. मालक इंजिनाबद्दल बोलत असतो, बोलूं द्यावें.”

त्यानंतर हिशेबाची वही मीं त्यांच्यापुढें ठेवली. पंप आला, त्याच्याबरोबर ओढ कमी झाल्यास चालकाच्या कानाशीं कर्कश वाजणारी घंटा आली. मूळच्या ब्रेकमध्यें तेल चारी चाकांना एकाच नळींतून जाई. एक नळी फुटली कीं सारें संपलें. तेथें दुपदरी सिलिंडर बसविला, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी उरते. अमेरिकेंत १९६८ सालापासून नव्या मोटारींना हें सक्तीचें आहे. टायरांवर नक्षी कोरी करकरीत होती, पण रबर वयानें तडकलेलें, ते काढले. चाकांचे रिम दोन तुकड्यांचे होते. हवा भरतांना असा तुकडा उडून माणसें दगावलीं आहेत, म्हणून मिस्त्रींनीं ते भंगारांत देण्यापूर्वीं कापून टाकले, कीं दुसऱ्या कोणीं उचलून वापरूं नयेत. टाकी दाराजवळून हलवून चौकटीच्या दोन तुळयांमध्यें नेली व तिला पोलादी पिंजरा केला. डिझेल पेट्रोलाइतक्या सहज पेटत नाहीं, हा पावगाडीच्या इंजिनाचा न मागितलेला लाभ.

खरी कडाक्याची भांडणें झालीं तीं छपरावरून. धुरांतून बाहेर पडावयास छपरांत झडप हवी, असें मिस्त्रींचें म्हणणें. मूळ पक्षाच्या मंडळीला १९५३ चा पत्रा कापणें म्हणजे मूर्तीचें नाक कापण्यासारखें वाटे. एक वृद्ध बाई, लहानपणीं त्याच बसनें शाळेंत गेलेल्या, सभेंत उठून म्हणाल्या, “मला माझी बस ओळखूं आली पाहिजे. पण मी छपराकडे कधीं पाहत नसें. मी खिडकीबाहेर पाहत असें.” छप्पर कापलें गेलें. दार उघडण्याचा चालकाजवळचा लांब दांडा, मोठें काळें सुकाणूचक्र, हिरवीं आसनें आणि बाजूचीं काळीं अक्षरें मात्र जशींच्या तशीं ठेवलीं.

आसनांविषयीं माझें मन आजहि स्वस्थ नाहीं. जुन्या आसनांची पाठ बुटकी, आणि तिच्या माथ्यावर उघडी लोखंडी नळी, बरोबर मुलाच्या दांतांच्या उंचीला. तीं बदलावयास पैसे उरले नव्हते. अखेर समितीनें लेखी ठराव केला, कीं ह्या बसमधून मुलांना रस्त्यावर नेऊं नये. फक्त मिरवणुकींत, चालत्या माणसाच्या वेगानें, तीं बसतील. ठराव मीं मांडला. चार महिन्यांपूर्वीं असा ठराव दुसऱ्या कोणीं मांडला असता तर मींच त्याला भित्रा म्हटलें असतें.

आपल्याकडच्या तरुणांसाठीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों, कारण मोटारसायकलींवर तुमचे प्रयोग मला प्रार्थनेच्या वेळींहि ऐकूं येतात. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे. नोंदणीपुस्तकांतील तपशील बदलेल असा फेरफार मालकानें आपल्या मनानें करावयाचा नाहीं. इंजिन बदलावयाचें तर आधीं आरटीओची परवानगी.

उत्सवाच्या दिवशीं बस निघाली. आंत पहिलीचा वर्ग, पुढें बँडवाले, आणि बसच्या डाव्या बाजूनें पायीं चालणारे मिस्त्री. सबंध मिरवणूक संपेपर्यंत त्यांनीं वर पाहिलें नाहीं. त्यांचे डोळे पुढच्या चाकावर होते. त्या वृद्ध बाई आपल्या जुन्या जागीं, डावीकडच्या तिसऱ्या खिडकींत बसल्या होत्या. सपाट रस्ता संपला तेथें बस थांबली. उतारावर नेण्याची गोष्ट कोणीं काढली नाहीं.

मी परत निघालों तेव्हां मिस्त्रींनीं मला मूळचा एकपदरी ब्रेक सिलिंडर वर्तमानपत्रांत गुंडाळून दिला. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यांनीं तो बाहेर काढून हें काय म्हणून विचारलें. मीं सांगितलें, “भेट आहे.” त्यांनीं माझ्या झग्याकडे पाहिलें, पुन्हां त्या गंजलेल्या लोखंडाकडे पाहिलें आणि पिशवी परत दिली. तो सिलिंडर माझ्या कचेरींतल्या टेबलावर हिशेबाच्या कागदांवर ठेवलेला असतो. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनीं मिस्सानंतर यावें. हाताला थोडा गंज लागेल.